विजूभाऊजींची नळी आणि माझा नळ

विजूभाऊजी गेल्याचं आम्हाला त्यांच्या खोलीतल्या सोबत्याने मस्कतहून फोन करून कळवलं. तिथल्या अझैबा भागातल्या खोलीत, झोपेतच गेले. माझ्या या धाकट्या दिराबद्दल गेले पाच आठवडे सगळे भरभरून बोलतायत. किती हौशी, किती कसबी, किती दिलदार... मी मान डोलावते. अशा वेळी काय बोलायचं असतं ते मलाही कळतं. पण हा माणूस मला आवडत नव्हता आणि ते गेले म्हणून आवडायला लागलेला नाही.

सत्त्याण्णव साली ते ओमानला आले ते थेट आमच्या दार्सैतच्या फ्लॅटमध्ये. फ्लॅट माझ्या मिस्टरांच्या कंपनीचा, दोन खोल्यांचा. भाऊजी एका वर्कशॉपमध्ये टर्नर होते. तिथल्या कुणा गोऱ्या साहेबाकडून त्यांनी घरी बिअर करायची विद्या उचलली आणि प्रयोगशाळा झालं माझं स्वयंपाकघर. दर शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, माझ्या गॅसवर त्यांचं भलंमोठं पातेलं चढायचं. उकळलेलं ते बिअरचं पाणी झटपट गार झालं पाहिजे, नाहीतर सगळं नासतं, हे त्यांनी मला मी न विचारता शिकवलं. त्यासाठी एसीच्या तांब्याच्या नळीचं वेटोळं करून ते पातेल्यात बुडवायचं आणि त्यातून नळाचं पाणी खेळवायचं. माझ्या नळाच्या तोंडाची जाळी काढून तिथे त्यांनी स्वतः लेथवर कातलेला पितळी तुकडा बसवला, त्यावर रबरी नळी चढवली आणि क्लिप आवळली. पाणी बाहेर टाकणारं नळीचं दुसरं टोक सिंकमध्ये. मला साधी वाटी विसळायची तरी त्यांची परवानगी घ्यावी लागायची.

जून आला. तिकडे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी असं तापतं की साध्या नळाखाली हात धरवत नाही. म्हणून आम्ही बायका गीझर बंद करून टाकायचो आणि गार पाण्यासाठी गरम पाण्याचा नळ सोडायचो, कारण गीझरमधलं पाणी एसीच्या घरात निवलेलं असतं. भाऊजींना हे ठाऊक नव्हतं. टाकीच्या कढत पाण्याने ते तीन शुक्रवार पातेलं गार करत बसले. मी शेजारी कणीक मळत होते. एका वाक्यात सांगता आलं असतं, पण नाही सांगितलं. तिन्ही पातेली मोरीत ओतली गेली आणि मला बरं वाटलं. चौथ्या शुक्रवारी हात धुताना त्यांचं त्यांनाच उमगलं. पितळी तुकडा गरम नळावर चढवत ते हसून म्हणाले, "वहिनी, तुम्हाला माहीत होतं ना?" त्यांचं ते हसणं मला आणखीच झोंबलं.

त्याच दिवशी ऐन वेळी टाकी संपली. टँकर यायचा होता. तेवढ्यात मशीन बंद पडलं म्हणून भाऊजींना वर्कशॉपमधून बोलावणं आलं आणि ते पातेलं तसंच टाकून पळाले. हे हमरियाला मित्राकडे गेले होते. जेवण झाल्यावर खरकटी भांडी ठेवायला जागा नाही म्हणून मी चिडून ती नळी सिंकमधून उपसली आणि फरशीवर फेकली. मग खोलीचं दार लावून, एसी लावून आडवी झाले. अडीचच्या सुमाराला फोन वाजला. भाऊजी होते. "वहिनी, नळ बंद केला की नाही आठवत नाही. जरा बघता?"

मी "बघते" म्हणाले आणि कूस बदलली. तुमचा नळ, तुमचं तुम्ही बघा.

दारावरच्या धक्क्यांनी जाग आली तेव्हा स्वयंपाकघरात घोट्यापर्यंत पाणी होतं. टँकर येऊन गेला होता. खाली यांचेच मॅनेजर राहायचे. त्यांच्या छतातून धार लागली म्हणून ते वॉचमनला घेऊन वर आले होते. त्यांनी पातेलं पाहिलं, कोपऱ्यातलं आधीच्या बिअरचं पिंपही पाहिलं. घरी दारू करणं तिकडे गुन्हा. संध्याकाळी यांनी ते सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं. विजूची नोकरी नवी आहे, म्हणाले. अर्बाब, म्हणजे कंपनीचा मालक, भला माणूस, त्याने पोलिसांत दिलं नाही. पण नोकरी खलास. महिन्याभरात आम्ही चिपळूणला परत आलो आणि यांना तशी नोकरी पुन्हा कधीच मिळाली नाही.

सगळ्या घराने भाऊजींना दोष दिला. सासूबाई तर शेवटपर्यंत त्यांच्याशी धड बोलल्या नाहीत. भाऊजींनी मान खाली घालून ऐकून घेतलं आणि त्या फोनबद्दल कुणाकडे चकार शब्द काढला नाही. तेच मला सहन होत नसे. दर सुट्टीला खजूर घेऊन यायचे, "वहिनी, कशा आहात?" म्हणायचे आणि मी आत निघून जायचे. दोन वर्षांपूर्वी न राहवून मी विचारलंच, की यांना का नाही सांगितलंत?

"काय सांगायचं? नळ मीच उघडा टाकला होता ना."

असा संताप आला मला... भांडले असते, चारचौघांत माझं नाव घेतलं असतं, तर मी सुटले असते. या माणसाने तेवढंही केलं नाही.

गेल्या महिन्यात त्यांची बॅग आली. कपड्यांखाली तो पितळी तुकडा होता, कागदात गुंडाळलेला. "बघ, काय हात होता विजूचा," म्हणून यांनी तो कौतुकाने आमच्या स्वयंपाकघरातल्या नळाला बसवला. थेंबभर गळत नाही. दिवसातून दहादा माझा हात तिथे जातो आणि नळ बंद असला तरी मी पुन्हा पिळून बघते. फोनचं यांना अजून ठाऊक नाही. हा लेख मी रविवारच्या पुरवणीला दिला आहे; ती हे चहाबरोबर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतात. मी तेव्हा त्याच नळाखाली भांडी घासत असेन. हे या ओळीपर्यंत आले की नळ बंद करीन आणि मागे वळेन.