राग वर्ज्य

सासऱ्यांना मदत करायला म्हणून जावईबापू फर्निचरच्या कारखान्यात गेले, बाकावरचा पांढरा डबा मेणाचा समजून उचलला आणि एका कोऱ्या टेबलावर अर्धाअधिक चोळून मोकळे झाले. आता त्या लाकडावर पॉलिश धरणार नव्हतं, आणि डब्यातलं औषधही परत येणार नव्हतं. ते वैद्यबाईंनी दिलेलं तूप होतं. सासूबाईंनी तांब्याच्या ताटात पाणी घालून, ओतून, पुन्हा घालून, दंड भरून येईस्तोवर फेटलेलं. सासऱ्यांच्या हातांवरच्या इसबासाठी.

सासरे पॉलिशवाले. त्यांनी हात फिरवलेल्या कपाटात माणसाला आपला चेहरा आहे त्यापेक्षा बरा दिसायचा. हात मात्र पॉलिश पातळ करायच्या थिनरनं किसणीसारखे झालेले. भेगा बुजायला महिने घेत, बुजल्या की खाजत, खाजवलं की पुन्हा रक्त. हातात पॉलिशची चिंधी धरवेनाशी झाली तर नोकरी सुटणार, एवढी सरळ गोष्ट.

तोंड म्हणाल तर तोफखाना. पण त्या दिवशी जावयाकडे बघून ते नुसते लाल झाले, बोलले नाहीत. वैद्यबाईंचं पथ्य होतं: थिनरला हात लावायचा नाही, दही-लोणचं बंद, दुपारची झोप बंद, आणि राग बंद. घरानं त्यातलं शेवटचं तेवढं मनावर घेतलं. भाजीत मीठ पडायचं राहिलं की सासूबाई म्हणत, अहो, चिडू नका, खाज वाढेल. जावई त्यांची खुर्ची बळकावून वर शांत राहण्याचे फायदे सांगत. कारखान्याच्या मालकांना तर हे पथ्य देव पावल्यासारखं झालं. सासऱ्यांनी हातमोजे मागितले, हवा खेचणारा पंखा मागितला, की त्यांचं ठरलेलं उत्तर, "काका, औषध चालू आहे ना? डोकं थंड ठेवा."

नवं तूप हवं म्हणून जावई खाली मान घालून सासऱ्यांना वैद्यबाईंकडे घेऊन गेले. बाईंनी हात बघायच्या आधी हुंगला. सासऱ्यांना काही बोलल्या नाहीत, जावयालाच विचारलं, "खाली जाळ तसाच ठेवून दुधावर फुंकर घालताय होय? जे अंगाला बाधतंय ते सुटत नाही, तोवर मी तुपाचा रांजण दिला तरी ही कातडी भरायची नाही."

सासरे उठले ते तडक कारखान्यात. मागून जावई, चपला सावरत.

मालक एका ओल्या पॉलिशच्या टेबलाचं गिऱ्हाइकापुढे कौतुक करत होते. सासऱ्यांनी हातमोजे मागितले. मालक गोड हसून म्हणाले, "काका, पथ्य विसरलात वाटतं."

सासऱ्यांनी दोन्ही हात त्या टेबलावर टेकले, अंगाचा सगळा भार टाकून. झोंबलं असणार, चेहऱ्यावर काही दिसलं नाही. हात उचलले तेव्हा चकाकीत दहा बोटं उमटली होती, भेगांसकट, आणि दोन भेगा लाल.

"ही सही माझी आणि हे काम तुमच्या थिनरचं," ते म्हणाले. "मोजे आणि पंखा येईपर्यंत हे असंच राहील. दुसऱ्या कुणाला पुसायला लावाल, तर आधी त्याला हे दाखवा."

आवाज रस्त्यापर्यंत गेला. गिऱ्हाईक टेबलापासून दोन पावलं मागे सरकलं. मालकांनी मोजे आणि पंखा आणायला माणूस बाजारात पिटाळला.

घरी परतताना जावयांना राहवलं नाही. त्यांनी भीतभीत विचारलं, "बाबा, पण राग वर्ज्य होता ना?"

"आधी थिनर सुटू दे, मग रागाचं बघू."