पोपटीतलं कच्चं मटण

माझ्या सुनेला फिट येऊ लागल्या, त्याला कारण मी आहे. हे आधीच सांगून टाकतो. इकडचं तिकडचं बोलत बसलो की मी त्यातून निसटतो. दोन वर्षं तेच केलं.

आमचं गाव बदलापूरकडे, जांभूळच्या बाजूला. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की शेतावर पोपटी लागते. मडक्यात भांबुर्डीचा पाला, शेंगा, अंडी, ओवा-मीठ लावलेली कोंबडी भरायची, मडकं उपडं करून भोवती पेंढा पेटवायचा. अर्ध्या तासाचं काम. त्या वर्षी आम्ही चार म्हाताऱ्यांनी कोंबडीऐवजी डुकराचं मटण भरलं. घरी कळू द्यायचं नव्हतं, आणि पाल्याच्या वासात बाकीचे वास झाकून जातात. डुक्कर नदीकाठी मोकाट फिरणारं होतं. त्याच काठावर आम्ही, घरात संडास असूनही, सकाळी डबा घेऊन जायचो. डुकरं तिथंच चरायची. हे काय आम्हांला दिसत नव्हतं?

शेंगा शिजल्या. मटण आतून गुलाबीच होतं, त्यात साबुदाण्यासारखे पांढरे दाणे.

मी म्हटलं, "अरे, कच्चं लागतंय."

"म्हाताऱ्या, तुझे दात गेले, मटणाला कशाला नावं ठेवतोस?" सगळे हसले. मीही हसलो आणि तुकडा गिळला.

पुढच्या पावसाळ्यात शौचाला पांढरे, चपटे तुकडे पडू लागले. भोपळ्याच्या बियांसारखे. कधी कधी हलायचे. मी ते कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार होतो? बायको घरात अंडंसुद्धा येऊ देत नाही.

आता हे लिहिताना हात थांबतो. आमच्या घरी काकडी मी चोचवायचो. ती हातात धरून सुरीने बारीक बारीक चोचवणं मलाच जमायचं. शेतावरून यायचं, डब्यातल्या उरल्या पाण्याने धुतलेला हात पंचाला पुसायचा आणि काकडी घ्यायची. साबण कपड्यांना, असा माझा हिशेब. सून सोमवार करायची. उपासाला माझ्या हातची खमंग काकडी मागून घ्यायची. "बाबा, आईंच्या काकडीला पाणी सुटतं हो," म्हणायची, आणि बायको लटकंच रागवायची.

एका सकाळी ती भाकरी थापताना खाली कोसळली. तोंडाला फेस, हातपाय ताठ. बदलापूरला नेलं, डोक्याचा फोटो काढला. मेंदूत जंताच्या गाठी आहेत, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. डुकराच्या मटणातून येणारा जंत.

बायको उसळलीच. "आपले घरान कोण खातं डुकर? ही तर अंडं पन खात नाय!"

"तिनं खाल्लंच पाहिजे असं नाही, मावशी," बाई शांतपणे म्हणाल्या. "ज्याच्या पोटात जंत असतो, त्याच्या शौचातून अंडी बाहेर पडतात. हात नीट धुतले नाहीत, तर ती दुसऱ्याच्या अन्नात जातात. तिथून पोटात, पोटातून डोक्यात. घरातल्या सगळ्यांची तपासणी करा."

तपासणीच्या डब्या घरी आल्या. मी आज देतो, उद्या देतो करत दिवस काढले. तेवढ्यात उल्हासनगरात, जिथं मला कुणी ओळखत नव्हतं, तिथल्या एका डॉक्टरांकडे जाऊन औषध घेतलं. तुकडे पडायचे थांबले, मग काही आठवड्यांनी डबी दिली. सगळ्यांचे रिपोर्ट स्वच्छ आले. माझाही.

आपल्या घरात कुणाला जंत नाही म्हटल्यावर बोट तिच्या माहेराकडे वळलं. फिटचा आजार लपवून मुलगी दिली, असं बायको म्हणाली. मग मुलगाही तेच बोलू लागला. तिला अंबरनाथ पश्चिमेला वडिलांच्या घरी सोडून आला. मी ओट्यावर बसलो होतो. तिने मला वाकून नमस्कार केला. मी "सांभाळून राहा, बाय" म्हटलं.

दोन वर्षं मी नीट बसलो नाही. जेवताना उठायचो, हात धुवायचो, परत बसायचो. गेल्या महिन्यात मुलगा म्हणाला की घटस्फोटाचे कागद तयार होतायत. त्याच सकाळी मी त्याला आणि बायकोला समोर बसवून सगळं सांगितलं. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही तेव्हा तिथंच बसला होता ना? डॉक्टर बोलत होत्या तेव्हा?" होतो. बायकोने काकडीची टोपली उचलून बाहेर ठेवली.

मग मी एकटाच अंबरनाथला गेलो. सुनेने पाणी दिलं. तिच्या फिट गोळ्यांनी थांबल्या आहेत. मी बोलत होतो तोवर ती खिडकीशी उभी होती.

"मी मागून खायची, बाबा," एवढंच म्हणाली.

मी हात जोडले. म्हटलं, "घरी चल."

"ते मी ठरवीन." मग वळून माझ्याकडे बघितलं. "माझ्या धाकट्या बहिणीची दोन स्थळं मोडली. घराण्यात फिट आहेत म्हणे. रविवारी तिसरे येतायत. त्यांच्यासमोर बोलाल? पोपटी, डबी, सगळं?"

तिचे वडील मध्ये पडले. "अगं, व्याह्यांना असं..."

"व्याह्यांनाच, पप्पा."

रविवारी मी वेळेच्या आधीच पोचलो. पाहुणे आले, पोहे फिरले, मुलाच्या आईने माझ्याकडे बघत विचारलं, "हे कोण?"

"मोठीचे सासरे," सून म्हणाली, आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली.

मी म्हटलं, "या घरात कुणाला फिटचा आजार नाही. तो आमच्या घरातून आला. माझ्या हातून."

मुलाच्या आईने बशी खाली ठेवली. "म्हणजे कसं?" तिने विचारलं, आणि मी पहिल्यापासून सांगायला लागलो.