आमच्या चक्काजामात मामाची जीप

माझा मामा हवाई दलात पायलट होता आणि मी कापसाच्या आंदोलनात होते. एकाच घरातला एक माणूस सरकारचं विमान उडवायचा आणि दुसरं माणूस त्याच सरकारची झोप उडवायला निघालेलं. मामाचं काम बऱ्यापैकी जमत होतं. माझ्या कामाचं विचारू नका.

मामा लढाऊ विमानातला नव्हता, हे आधीच सांगून टाकते, कारण गावातल्या पोरांना ते कळलं तेव्हा त्यांचा फार हिरमोड झाला होता. तो मालवाहू विमान चालवायचा. बर्फातल्या चौक्यांना पीठ, डाळ, रॉकेल आणि टपाल पोचवायचं. "मी आकाशातला मेटॅडोरवाला हावो," असं तो स्वतःच सांगायचा.

दरवर्षी दिवाळीच्या सुमारास मामी आणि दोन्ही पोरींना घेऊन तो केळापूरला आमच्याकडे यायचा. सुट्टीत माणूस झोपतो. हा दुसऱ्याच दिवशी नकाशा पसरायचा आणि घरातल्या कोणाला तरी बरोबर घेऊन निघायचा. काकूला त्यानं दार्जिलिंग दाखवलं. बाबांना वाळवंट दाखवलं. बाबा परत आल्यावर म्हणाले, "एवढ्या दूर कायले नेलं? मे महिन्यात आपलंच वावर असं दिसते."

आई मात्र कधीच गेली नव्हती. खरं तर मामाला तिनंच कडेवर वाढवलेलं. त्याला सांभाळायला म्हणून तिची शाळा चौथीत सुटली. तो दरवर्षी सगळ्यात आधी तिलाच विचारायचा, "बाई, चालतं का?" थोरल्या बहिणीला तो बाई म्हणायचा. आणि दरवर्षी आईचं उत्तर ठरलेलं, "वेचनी कोन पाहीन, भाऊ?" मामाची सुट्टी आणि कापसाची वेचणी हटकून एकाच वेळी यायची.

त्या वर्षी भाव इतका पडला की कापूस विकायची घाईच उरली नाही. पुढच्या खोलीत तो पार वरच्या फळीपर्यंत भरून ठेवला होता आणि मामाच्या पोरी दिवसभर त्यात उड्या मारायच्या. उरलेली वेचणी मी पाहतो, असं बाबा म्हणाले. त्या वर्षी मामाचा बेत चेन्नईच्या समुद्राचा होता, आणि आई पहिल्यांदाच हो म्हणाली. म्हणजे बघा, शेतकऱ्याच्या मालाला भाव मिळाला नाही म्हणून शेतकऱ्याच्या बायकोला समुद्र पाहायला मिळणार होता. हे वाक्य मी आंदोलनाच्या पत्रकात घातलं होतं. आमच्या अध्यक्षांनी ते काढून टाकलं, अजून माझा राग गेलेला नाही.

मामाशीही मी भांडलेच. "लोकाईचा कापूस घरात पडून हाय, मामा, अन् तुम्ही सहली काढून राह्यले."

"मंग काय करू, विमानात भरून नेऊ?"

"सरकारले सांगा."

"सरकार माहं ऐकत नाही. मलेच त्याचं ऐकावं लागते."

"घरी माहंही ऐकावं लागते, तेही सांगा तिले," मामी आतून म्हणाली.

निघायच्या आदल्या दिवशी मामानं वेचलेला कापूस तोलायचा काटा अंगणातल्या लिंबाला टांगला आणि सगळ्यांच्या पिशव्या त्यावर चढवल्या. विमानात ही सवय लागलेली, वजन माहीत असल्याशिवाय त्याचा पाय उचलत नसे. आईच्या पिशवीनं काटा पार खाली ओढला.

"बाई, काय हाय यात?"

"ज्वारीचं पीठ. अन् तवा."

"तिकडं हॉटेलं हायेत, बाई."

"तिकडं भातच देतेत म्हणे. भातानं माह्यं पोट भरत नाही."

मामानं तव्याला हात लावला नाही. स्वतःच्या पिशवीतून बूट आणि स्वेटर काढले आणि एकूण वजन जमलं म्हणून खूश झाला.

त्यांना दुपारी बल्लारशाहून चेन्नईकडे जाणारी रेल्वे गाठायची होती. रस्ता मारेगाव, वणीवरून. आणि त्याच दिवशी मारेगावात आमचा चक्काजाम. मी घरात बजावून ठेवलं होतं, उजाडायच्या आत निघा. मामा उजाडायच्या आत अंघोळ करून उभा होता. भाड्यानं ठरवलेली जीप आली नव्हती. पांढरकवड्याच्या ज्या मेकॅनिक चाचांची ती होती, ते तिच्या क्लचशी झगडत बसले होते. जीप मारेगावला पोचली तेव्हा आम्ही रस्त्यावर बैलगाड्या आडव्या लावून घोषणांना सुरुवात केली होती.

पत्रक मीच लिहिलेलं होतं. रुग्णवाहिका सोडून एकही गाडी पुढे जाणार नाही. मंत्र्याची नाही, व्यापाऱ्याची नाही, नातेवाइकांची नाही. नातेवाईक मी मुद्दाम घातले होते, कारण मागच्या वेळी कार्यकर्त्यांचे मेहुणे एकेक करत सगळे निघून गेले होते आणि शेवटी रस्त्यावर आम्ही आणि एक भाजीचा टेम्पो उरलो होतो. आता समोर माझीच आई जीपमध्ये बसलेली. सगळे माझ्याकडे पाहत होते.

"नाही," मी म्हणाले. आजही मी नाहीच म्हणेन.

"बरोबर हाय," मामा म्हणाला. "टॉवरनं थांब म्हटलं का थांबायचं."

चाचांना मात्र राहवलं नाही. बंदोबस्ताला आलेल्या फौजदाराजवळ जाऊन त्यांनी सांगितलं, "एअरफोर्स के साहब हैं. इनकी ट्रेन है."

फौजदारानं खाडकन सॅल्यूट ठोकला. "सर, आधी सांगायचं. हो म्हणा, दोन मिनिटांत रस्ता मोकळा करून देतो." त्याच्या हातात काठी होती. मागच्या शिपायांच्याही.

मी खाली डांबरावर बसले होते, माझ्या बाजूला झरी जामणीकडून आलेल्या बाया. मामाच्या एका शब्दाचा प्रश्न होता. त्यानं घड्याळ पाहिलं. ज्या बहिणीला न्यायला तो इतकी वर्षं विचारत होता, तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "नको. मी सुट्टीवर आहे. मला काही घाई नाही."

"काहून नाही घाई?" आई जीपमधून उतरत म्हणाली. "माही रेल्वे हाय." मग तिला काठ्या दिसल्या, आणि काठ्यांच्या पुढ्यात मी दिसले. 

"गाड्या बंद हायेत ना?" तिनं मला विचारलं. "का पायी चालनंही बंद केलं?"

"चालणं नाही."

"मंग झालं." तिनं तव्याची पिशवी डोक्यावर घेतली.

मी उठायला लागले तर माझ्यावरच डाफरली, "बस तिथंच. तू उठली तं सारे उठतीन." झरीच्या बायांपैकी दोघी उठल्या आणि मामीच्या पिशव्या घेऊन चालू लागल्या. बैलगाडीच्या जुवाखालून वाकून आमचं सगळं खानदान पलीकडे गेलं.

पलीकडे वणीकडून आलेली एक जीप अडकली होती. आत पांढरकवड्याला साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, निघालेली मंडळी, मांडीवर साड्यांची ताटं घेऊन घामाघूम झालेली. मामानं त्यांच्याशी दोन शब्दांत ठरवलं. ते इकडे येऊन चाचांच्या जीपमध्ये बसले, हे तिकडे त्यांच्या जीपमध्ये.

"अपने को क्या," चाचा म्हणाले, "पैसेंजर पैसेंजर होता है."

पण ती जीप ट्रक आणि बैलगाड्यांच्या मधे अशी फसली होती की वळायला जागा नव्हती. मामानं माझ्या शेजारच्या गठ्ठ्यातून पत्रकं उचलली, दोन्ही हातांत एकेक सुरळी केली आणि जीपच्या मागे जाऊन उभा राहिला. विमानतळावर विमानाला जागेवर आणतात तसे हात हलवत त्यानं तिला उलटी मागे घेतली. डावीकडे, सरळ, हळू, बस. सगळा चक्काजाम टाळ्या वाजवायला लागला. फौजदारही हसत होता. आई पुढच्या सीटवर होती, त्यामुळे माझ्याकडे तोंड करूनच ती समुद्राकडे निघाली. मी घोषणा देत होते आणि घोषणेचा दुसरा अर्धा भाग मला आठवेना.

रेल्वे उशिरानं आली म्हणून त्यांना मिळाली. रेल्वेच्या कारभारावर मी तेवढी एकदाच खूश झाले. आम्हाला संध्याकाळी ठाण्यात नेलं, पोहे खायला घातले आणि सोडून दिलं. भाव वाढला नाही.

दोन दिवसांनी मामाच्या मोबाइलवरून आईचा फोन आला.

"कसा हाय समुद्र?" मी विचारलं.

"लय पानी हाय, पोरी. अन् सारं खारट. कपाशीले देता येत नाही म्हनते तुहा मामा." मग तिचा आवाज दूर गेला. मागून मामा ओरडत होता, "बाई, मांगं हो, मोठी लाट येऊन राह्यली." त्यानंतर पाण्याचा धबाका ऐकू आला आणि मग आई हसत होती. मी हॅलो हॅलो करत राहिले, पण माझ्याशी बोलायला कोणाला सवड नव्हती.