छताची कडी

पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर ओळखीच्या एका कन्नड गृहस्थांनी दुसऱ्यांचे भाड्याचे फ्लॅट सांभाळायचा धंदा सुरू केला. सर्जापूर रोडवरच्या माझ्या फ्लॅटमुळे मी त्यांचं पहिलं गिऱ्हाईक. कारखान्यात ते यंत्रं तपासायचे, ती सवय काही गेली नाही. घरात शिरले की प्रत्येक दार तीनदा उघडून बंद करतात, नळाला कान लावतात आणि डोळे मिटून म्हणतात, "सरी, ठीक. घराची तब्येत बरी आहे."

माझी अट एकच होती, भाडेकरूंनी कुठेही भोक पाडायचं नाही. गेल्या महिन्यात तिथल्या जोडप्याला बाळ झालं. पाळण्यासाठी छताला कडी हवी, असा त्यांचा निरोप या गृहस्थांनी मला दिला. मी नाही म्हटलं.

"सरी अक्का," म्हणाले आणि फोन ठेवला.

एवढ्या लवकर ऐकलं म्हणून मला संशय आला. रविवारी मी न सांगताच फ्लॅटवर गेले. हॉलच्या छताला नवी कोरी कडी होती, तिच्यात जाड दोर ओवला होता आणि त्या दोराला आमचे गृहस्थ पाय पोटाशी घेऊन लोंबकळत होते. बाळाची आई स्टूल धरून खाली उभी.

"अहो, मी नको म्हटलं होतं ना?"

"भाडेकरूंना नको म्हटलं होतंत, अक्का. भोक मी पाडलंय," ते वरूनच म्हणाले. "काम काढून घ्या हवं तर. पण स्वल्प, जरा थांबा, अजून एक मिनिट भार बघायचाय."

मी भांडायला आले होते. पण त्यांचे हात थरथरायला लागले, तेव्हा घड्याळात बघून सेकंद मीच मोजायला लागले.