दार लावून काढलेला आजार

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागले. मी म्हटलं, "मराठीत सांगा, मला समजतं." ते म्हणाले, "मॅडम, टीबी आहे. उजव्या फुप्फुसात, वरच्या बाजूला. थुंकीतही जंतू सापडलेत."

समजतं म्हटलं खरं, पण त्या क्षणी मला कुठलीच भाषा समजत नव्हती.

मी लिंडा. अमेरिकेत, नेब्रास्कात, तीस वर्षं शाळेत शिकवलं. नवरा गेला, मुलगा पीटर त्याच्या संसारात रमला, आणि मी तलासरीजवळच्या एका निवासी शाळेत इंग्रजी शिकवायला आले. त्याला चार वर्षं झाली. सरावली गावात वरच्या मजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या. खाली घरमालकीण काकू राहतात. त्यांचे यजमान रेल्वेत होते, आता नाहीत. काकूही एकट्याच.

इथे मला सगळ्यात जड काय गेलं असेल, तर उघडं दार. काकू हाकही न मारता आत येत, पातेल्यावरचं झाकण उचलून बघत, मुलगा कधी येणार म्हणून विचारत. आमच्याकडे शेजारी जायचं तरी आधी फोन करतात. मी हळूहळू दार लावून घ्यायला लागले. काकू जिना चढायच्या बंद झाल्या. मला वाटलं, चला, आता घडी बसली.

खोकला दिवाळीनंतर सुरू झाला होता. धूळ आहे, दमट हवा आहे, असं म्हणत मी दोन महिने काढले. संध्याकाळी बारीक ताप यायचा. शाळेतल्या एक बाई म्हणाल्या, "मॅडम, बारीक झालात हो!" मी चक्क खूश झाले. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासा, असं दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. ती पाटी वाचून मी मराठीचा सराव केला होता. तिचा अर्थ मात्र स्वतःला लावला नाही.

सरकारी दवाखान्यातून सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यातली एक रिफॅम्पिसिन. तिने लघवी नारिंगी होते. आधी सांगितलेलं असूनही पहिल्या दिवशी मी घाबरून भिंतीला धरून उभी राहिले. सुरुवातीचे काही आठवडे मास्क लावायचा, खिडक्या उघड्या ठेवायच्या, लोकांत मिसळायचं नाही. पीटर फोनवर म्हणत होता, घरी ये. डॉक्टर म्हणत होते, एवढ्यात विमान नाही.

मग कॉन्टॅक्ट ट्रेसिंग, म्हणजे रुग्णाच्या सहवासातल्या माणसांची तपासणी. शाळेतल्या मुलांची झाली. कोणाला काही निघालं नाही. आरोग्यसेविका सुनीता कागद घेऊन वर आली. "घरात कोण असतं?"

"कोणी नाही," मी म्हटलं.

कागदापुरतं ते खरं होतं. काकूंना कळलं तर खोली जाईल, ही भीती होती. मी सुनीताला काकूंचं नाव सांगितलं नाही. ही चूक मी केली, आणि ती इथे लिहिणं मला भाग आहे.

ते तीन आठवडे मी विसरणार नाही. आजारपणात माणसाला आपल्या भाषेत कण्हायचं असतं. माझं इंग्रजी कण्हणं ऐकायला कोणी नव्हतं. दुपारी खालून कुकरच्या शिट्ट्या, कोणाच्या तरी सायकलची घंटा, दूरवर गाडीचा भोंगा. वर कोणीच येत नव्हतं. हवा होता तो एकांत मला पुरेपूर मिळाला होता.

आणि एका दुपारी खालून खोकला ऐकू आला. दुसऱ्या दिवशीही आला.

मी मास्क लावून जिन्याच्या मधल्या पायरीवर जाऊन उभी राहिले. काकू ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मी तिथूनच टीबीचं सांगितलं.

त्यांचे हात थांबले. "किती दिवस झाले?"

"तीन आठवडे. तुम्हालाही तपासून घ्यावं लागेल. माझ्यामुळे..."

"तीन आठवडे वर एकटीने काढलेत? अहो, आणि मी समजत होते, तुम्हाला माझा राग आलाय!" मग त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "लिंडाताई, मलाही झाला होता. लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. सासरच्यांनी वरोरला माहेरी पाठवलं. वर्षभर ताट वेगळं, तांब्या वेगळा. तेव्हापासून आज पहिल्यांदा तोंडाने नाव घेतेय."

काकूंचा रिपोर्ट यायला चार दिवस लागले. स्वतःच्या रिपोर्टसाठी मी इतकी कधीच घाबरले नव्हते. साधा खोकला निघाला. मी जिन्यातच बसून रडले.

त्यानंतर रोज सकाळी काकू वर येऊन दाराबाहेर खुर्ची टाकून बसत. मी गोळ्या गिळेपर्यंत हलत नसत. बोलणं फार व्हायचं नाही. त्या गेल्या की दिवस पुन्हा लांबच लांब. एकटेपणा गेला असं मी म्हणणार नाही. अजूनही संध्याकाळी तो येतोच. पण गोळ्या एकदाही चुकल्या नाहीत, वजन परत आलं आणि सहा महिन्यांनी थुंकी स्वच्छ निघाली. डॉक्टरांचे, सुनीताचे, काकूंचे उपकार मी शब्दांत सांगू शकत नाही. ज्याला कोणाला हा आजार होईल त्याला एवढंच सांगते: निदान होईल त्याच दिवशी एका तरी माणसाला सांगा.

मागच्या महिन्यात सुनीता म्हणाली, "मॅडम, तलासरीकडे एका पाड्यावर येता का? एक बाई गोळ्या लपवून ठेवते. घरात सांगितलं नाहीये तिने."

ती बाई पंचविशीची असेल. अंगणात आम्ही तिघीच होतो. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमाला पन झालता?"

"हो."

"मंग तुमचे देशात का नाय गेल्या?"

सुनीताला वाटलं मी काहीतरी गोड सांगेन. मी खरं ते सांगितलं. "तिथे माझी गोळी चुकली असती, तर कोणाला कळलंच नसतं."

ती पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली. मग हळूच म्हणाली, "माझे सासूला तुमीच सांगा."

"तू सांग. मी इथेच बसते."

तिने पदर सारखा केला, घराकडे तोंड वळवलं आणि सासूला हाक मारली.