अकरा जणांची भाषा

भाषा-नोंदणीच्या कचेरीत तिला सगळे मोजणीबाई म्हणत. गणितात एम.एस्सी. झाली आणि नोकरी मिळाली ती भाषा बोलणाऱ्यांची डोकी मोजायची. पण "ही भाषा येते का?" या प्रश्नाला लोक सरळ हो किंवा नाही म्हणत नाहीत, हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं. कुणाला समजे, पण बोलता येत नसे. कुणाला नुसत्या शिव्या येत. मग तिने शिकलेलं कामी लावलं. अस्खलित बोलणाऱ्याला एक, काहीच न येणाऱ्याला शून्य, मधल्यांना दशांश. सगळ्यांची बेरीज म्हणजे बोलणाऱ्यांची संख्या. साहेबांना ही पद्धत इतकी पसंत पडली की तिचा नियमच झाला.

टेकडीपलीकडच्या वस्तीतली भाषा तिच्या वाट्याला आली. पुरा एक मिळाला तो एकट्या शिंपीणआजीला. बाकी शंभर जणांना एकेक दशांश. बेरीज अकरा. दहाच्या वर गेलेल्या भाषेला शाळेत आठवड्याला एक तास मिळायचा. मोजणीबाई खुशीत आजीला सांगायला गेली.

आजी एका कोटाचं अस्तर उसवत बसली होती. नवरा गेल्यापासून सात वर्षं ती स्वतःच्या भाषेत कुणाशी बोलली नव्हती.

"अकरा?" तिने चष्मा काढला. "मग त्यातल्या एकाला माझ्याकडे आण ना, पोरी."

रविवारी मोजणीबाईने त्या शंभरांना शाळेच्या खोलीत बोलावलं. चाळीसेक आले. आजी ठेवणीतले कपडे घालून आली, हातवारे करत बराच वेळ बोलली आणि थांबली. कुणीतरी "पाणी" म्हणालं, कुणी "ये, बस". पाववाल्याने आपल्या आईची एक शिवी जशीच्या तशी म्हणून दाखवली. सगळे हसले, आजीही हसली. मग पुढे काही नाही. सगळ्यांकडे तेच ते दहा-पंधरा शब्द होते. कागदावर या चाळिसांची चार माणसं झाली होती, खोलीत एकही होत नव्हतं.

सोमवारी तिने साहेबांना सांगितलं की पद्धत चुकली, पुरं बोलणारेच मोजायला हवेत. तसं मोजलं तर आकडा एक येतो आणि तास जातो, एवढं साहेबांनी शांतपणे दाखवून दिलं. ती परत आजीकडे गेली. तासाला शिकवायला दुसरं होतं कोण?

"मुलं माझ्याशी बोलायला कधी लागतील?" आजीने विचारलं.

"माहीत नाही, आजी."

आजीने सुईत दोरा ओवायचा दोनदा प्रयत्न केला आणि मग सुई मोजणीबाईच्या हातात दिली. "राहू दे अकरा," ती म्हणाली.

तास सुरू झाला. पंधरा मुलं यायची. दुसऱ्या वर्षी आजी आजारी पडली आणि गेली.

पुढच्या मोजणीत त्या मुलांनाही एकेक दशांश द्यावा लागला. मोजणीबाईने बेरीज तीनदा केली. आजी वजा होऊनही ती साडेअकरा भरत होती. साहेबांनी त्यावर "समाधानकारक वाढ" असा शेरा मारला आणि कागद सहीसाठी तिच्यापुढे सरकवला. तिने सही केली.