वस्तादाचं रिकामं पोट

वस्ताद पुन्हा कोल्ड रूममध्ये शिरला.

कारखान्याच्या कॅन्टीनमधली ती खोली भाज्या आणि दूध ठेवायची, माणूस ठेवायची नव्हे. पण अलीकडे स्वयंपाक ऐन रंगात आला की वस्ताद तिथेच सापडायचा. कोबीच्या पोत्यांना पाठ टेकलेली, शर्टाची वरची बटणं उघडी, कपाळावरून घामाच्या धारा. कोणी दार उघडलं की लगेच कोबी चाचपल्याचं नाटक.

"वस्ताद, तो कोबी तिथे वाढत नाही हो!" मिरची बाहेरून ओरडली. "सारखं सारखं जाऊन काय बघता?"

"तू तुझा कांदा बघ!"

"बघतेच आहे. मी निदान कांद्यासमोर रडते तरी. तुम्ही कोबीसमोर नुसतेच उभे!"

मिरची म्हणजे त्याच्या हाताखालची आचारीण. हे नाव तिला तोंडामुळे पडलं आणि तिने ते मेडल असल्यासारखं मिरवलं. वस्तादाचंही खरं नाव आता पगाराच्या पावतीपुरतंच उरलं होतं. पातेली घासण्यापासून सुरुवात करून तो ह्या स्वयंपाकघराचा मालक झाला होता, कागदावर नाही, जिभेच्या जोरावर. तीनेकशे माणसांचं जेवण, आणि त्याच्या जिभेवरून गेल्याशिवाय एक पातेलं खाली उतरत नसे. कांदा परतला की एकदा. मसाल्याला तेल सुटलं की डावभर वाटीत घेऊन एकदा. बटाट्याची फोड दाताखाली दाबून, डाळ ओठाला लावून, भाताची चार शितं चावून. पहाटे चूल पेटल्यापासून दुपारी कारखान्याचा भोंगा होईपर्यंत हे चालायचं. एका जागी बसणं त्याच्या पायांना माहीतच नव्हतं.

आणि आता तर अंगातच कोणीतरी चूल पेटवली होती. प्रोस्टेटचा कर्करोग. पुरुषाच्या मूत्राशयाखाली अक्रोडाएवढी ग्रंथी असते, तिथला. अंगातलं पुरुषी हार्मोन हे ह्या रोगाचं खाद्य, म्हणून ते तोडणारं इंजेक्शन त्याला चालू होतं. त्या इंजेक्शनाने छातीतून एकदम वाफ उठायची, मान-कान लाल व्हायचे आणि दोन मिनिटांत माणूस घामाने निथळायचा. झोप उडालेली, राग नाकाच्या शेंड्यावर, आणि बायकोशी बोलताना मधेच डोळे भरून यायचे, त्याचं त्यालाच कळायचं नाही कशामुळे. आता इथे कोणी म्हणेल, कॅन्टीनमध्ये सांगून टाकायला काय झालं? म्हणणाऱ्याने एकदा चार बायाबाप्यांसमोर उभं राहून सांगून बघावं.

पुढे इंजेक्शन एकट्याने पुरेना. रक्तातला रोगाचा आकडा चढू लागला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सोबत रोजच्या गोळ्या दिल्या. सिस्टर दाराशी उभी राहून सगळं एका दमात म्हणाली. गोळ्या अख्ख्या गिळायच्या, तोडायच्या-चुरायच्या नाहीत. उपाशीपोटीच घ्यायच्या, आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचं नाही. सोबतची छोटी गोळी मात्र जेवणाबरोबर, आणि ती मनाने एकदम बंद करायची नाही. घरात गरोदर बाई असेल तर तिने मोठ्या गोळ्यांना उघडा हात लावायचा नाही, बाळाला धोका असतो.

ह्यातला शेवटचा शब्द वस्तादाच्या कानात खिळ्यासारखा बसला. त्याची लेक सातव्या महिन्यात होती. जावई कामासाठी दूर, म्हणून ती आईबापाकडे राहायला आलेली. बापाला काय झालंय ते तिला माहीत नव्हतं. 'लघवीचा त्रास' एवढंच सांगितलं होतं. तिच्या जिवाला घोर नको, असं नवरा-बायकोने ठरवून टाकलं होतं. ठरवलं वस्तादाने, बायकोने मान हलवली.

तेव्हा गोळ्यांच्या बाटलीला त्याने घराचा उंबरासुद्धा ओलांडू दिला नाही. दवाखान्यातून तडक कॅन्टीन, कपडे बदलायच्या खोलीतलं स्वतःचं कपाट, वर कुलूप. सकाळची न्याहारी वाटली गेली, दुपारचा स्वयंपाक चुलीवर चढला की तो मधेच तिथे जायचा, हात धुवून गोळ्या गिळायचा, पुन्हा हात धुवायचा आणि परत येऊन रश्शात डाव घालायचा. लेक आणि तिचं बाळ सुखरूप. ह्या एका गोष्टीवर तो मनात स्वतःची पाठ थोपटून घ्यायचा.

आकडा उतरला. पण दुसरंच काही चढलं.

बूट घट्ट झाले. पोटऱ्यांत गोळे येऊ लागले. छातीत मधेच कबुतर फडफडल्यासारखं व्हायचं. एकदा भाताचं पातेलं उचलताना हातातला जोरच गेला, मिरचीने दुसरी कडी धरली म्हणून निभावलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. रक्तदाब वर, रक्तातलं पोटॅशियम खाली.

"गोळ्या रिकाम्या पोटीच घेता ना?"

"दुपारच्या जेवणापर्यंत अन्नाचा कण पोटात नसतो माझ्या," वस्ताद ताठ बसून म्हणाला. "कोणालाही विचारा."

त्यांनी रक्तदाबाची गोळी दिली, पोटॅशियमचं औषध दिलं, मीठ कमी करायला सांगितलं. "पुढच्या आठवड्यात या. असंच राहिलं तर ह्या गोळ्या थांबवाव्या लागतील. हृदयाशी खेळ नको."

थांबवाव्या लागतील! ज्या गोळ्यांनी रोगाला खाली बसवलं त्याच थांबवायच्या, म्हणजे रोग पुन्हा उठून उभा. वस्तादाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळं सांगितलेलं करतोय, एक नियम मोडत नाही, आणि वर ही शिक्षा? आठवडाभर त्याच्या पायाला भिंगरी लागली. कॅन्टीनमध्ये चुलीपासून कोल्ड रूमपर्यंत, घरी खिडकीपासून दारापर्यंत. लेक म्हणायची, "बाबा, बसा की जरा, मला बघून चक्कर येते." तो बसायचा आणि पुन्हा उठायचा.

मग त्याने स्वतःच उपाय काढला, आणि तो अगदी आचाऱ्यालाच सुचेल असा. कॅन्टीनच्या पातेल्यातलं मीठ त्याने कमी केलं.

पहिल्या दिवशी लोकांनी नाक मुरडलं. तिसऱ्या दिवशी लेथवरचा एक कामगार ताट घेऊन थेट आत आला. "वस्ताद, संपाची नोटीस द्यायची राहिली होती का? आमच्या ताटातलं मीठ परवापासून कामावर नाही."

मागून हशा पिकला. वस्तादाने डाव आपटला. मिरचीने मुकाट्याने मिठाची बरणी काढली तसा तो तिच्यावर धावून गेला. "ठेव ती खाली! दिवसभर चव मी घेतो की तू? ते सगळं मीठ माझ्या अंगात जातं!"

"म्हणून तीनशे माणसांनी अळणी खायचं?"

"डॉक्टरने..." तो म्हणाला आणि वाक्य तिथेच सोडून पातेलं ढवळू लागला. मिरचीने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा कोल्ड रूमच्या दाराकडे. त्यानंतर कोबीवरून ती पुन्हा बोलली नाही. ते त्याला टोमण्यापेक्षा जास्त लागलं.

घरी येऊन त्याने हे सगळं बायकोपुढे ओकलं, लेक अंघोळीला गेलेली बघून. बायको ऐकून घेत होती. फक्त "जेवताय ना?" म्हणाली, तेव्हा त्याने नेहमीसारखा हात हलवला.

पुढच्या तपासणीला ती बरोबर आली, त्याने नको म्हटलं तरी. सिस्टरने दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, आकडा बघून ओठ मुडपले. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"औषधं देऊनही हे असं. मला कारण कळत नाही. आज गोळ्या थांबवू या."

"मी एक कण खात नाही, बाई! दुपारपर्यंत पोट रिकामं असतं. पाहिजे तर..."

"रिकामं?" बायको एकदम म्हणाली. "अहो, लग्न झाल्यापासून तुम्ही कामावरून येऊन कधी पोटभर जेवलात? ताट वाढलं की काय म्हणता तुम्ही?"

"आता ते इथे कशाला?"

"म्हणता, चव बघूनच पोट भरलं! माझा स्वयंपाक आयुष्यभर ह्याच वाक्यावर परत गेलाय, बाई."

"चव बघणं म्हणजे खाणं नव्हे!" वस्ताद उसळला.

"असं? मग चव बघून मीठ तेवढं अंगात जातं, आणि तेल, बटाटा, भात बाहेरच थांबतात का? दाराला काय चाळणी लावलीय?"

सिस्टरने तोंडावर हात धरला. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. त्या पुढे वाकून म्हणाल्या, "तुम्ही करता काय काम?"

इतक्या महिन्यांत हा प्रश्न पहिल्यांदा आला. रक्त, लघवी, हाडं, सगळ्यांची चौकशी झाली होती. माणूस दिवसभर काय करतो, हे विचारायला कोणाला सवड नव्हती. आणि ह्याने तरी कुठे सांगितलं? आपण डावभर रस्सा चाखून लगेच गोळी घेतो, हे बोलण्यासारखं आहे असं त्याला वाटलंच नव्हतं.

त्याने सांगितलं. कांद्यापासून भाताच्या शितापर्यंत. डॉक्टरीणबाई ऐकत गेल्या.

"ही मोठी गोळी अन्नाबरोबर गेली, त्यातून तेलकट, तर अंगात कितीतरी पट जास्त भिनते," त्या म्हणाल्या. "तुम्हाला जड गेलं ते बहुतेक ह्यानेच. रक्तदाब खाली येईपर्यंत थोडे दिवस मोठ्या गोळ्या बंद. छोटी चालू ठेवायची, मी सांगितल्याशिवाय सोडायची नाही. मग पुन्हा सुरू करून बघू. पण पहाटे, घरी, उठल्या उठल्या. नंतर तासभर डावाला हात नाही. तेव्हाही चढला तर मात्र कायमच्या बंद."

"घरी नाही," वस्ताद म्हणाला. "घरी लेक आहे. दिवस गेलेत तिला."

"मग? बाटली झाकण लावून वर ठेवा. घरात असल्याने काही होत नाही, तिने हात लावायचा नाही एवढंच," सिस्टर म्हणाली. "पण तिला सांगा काय आहे ते. लपवलेलं औषधच धोक्याचं, काका. आवराआवर करताना कोणाच्या तरी हाती लागतं."

थोड्या दिवसांनी रक्तदाबाचा आकडा बरा आला. गोळ्या पुन्हा सुरू करायची परवानगी मिळाली त्या संध्याकाळी वस्ताद बाटली शर्टाच्या खिशात घालून घरी आला. सांगायचं वाक्य त्याने वाटेत जुळवून ठेवलं होतं. दारात लेक हसली आणि वाक्य विस्कटलं. तो खिडकीशी गेला, दाराशी आला. म्हणाला, "उकडतंय." खरंच वाफ उठली होती. शर्ट काढून खुर्चीवर टाकला आणि तोंडावर पाणी मारायला मोरीत गेला.

परत आला तर लेक धुवायला टाकायचा म्हणून तो शर्ट उचलून खिशात हात घालत होती.

"हात लावू नकोस!"

असा आवाज त्याने तिच्यावर कधी चढवला नव्हता. तिने शर्ट सोडला. बाटली जमिनीवर घरंगळत पलंगाखाली गेली. झाकण घट्ट होतं.

"काय आहे त्यात?" तिने विचारलं. "बाबा, काय आहे?"

तो गुडघ्यावर बसून पलंगाखाली हात घालून चाचपडत राहिला. आणि तोंड तिच्याकडे नव्हतं म्हणून असेल, सगळं तिथूनच, पलंगाखालच्या अंधाराला सांगून टाकलं. रोग, इंजेक्शन, गोळ्या, कोल्ड रूम, मीठ.

बाटली घेऊन उठला तेव्हा लेक रडत नव्हती. रागाने लाल झाली होती.

"मला घोर नको म्हणून? रोज तुम्ही ह्या खोलीत पिंजऱ्यातल्या वाघासारखे फिरता, ते बघून मला काय झोप लागते? मला वाटायचं, मी इथे राहायला आले तेच तुम्हाला जड होतंय!"

हे त्याच्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं. बायको आतून म्हणाली, "बरं झालं. अजून बोल."

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने गोळ्या अख्ख्या गिळल्या, हात धुतले, बाटली सर्वांत वरच्या फळीवर ठेवली. लेक समोर येऊन बसली, पोटावर हात ठेवून, चौकीदारासारखी. त्याच्या नाकासमोर तिने बिस्किटाचा पुडा फोडला.

"मुद्दाम खातेस."

"दोघांची भूक आहे. तुम्ही घड्याळ बघा."

कॅन्टीनला पोचला तरी तास व्हायचा होता. कांदा परतून झाला होता, वास तर बरोबर येत होता. हात आपोआप डावाकडे गेला. मिरचीने डाव उचलून पाठीमागे धरला. तिला त्याने आदल्या दिवशीच सांगितलं होतं, मोजून चार शब्दांत. तिनेही पाचवा विचारला नव्हता. तिने वाटीत थोडं घेतलं, डोळे मिटून चाखलं, अगदी त्याच्यासारखं.

"मीठ?" वस्तादाने विचारलं.

"आहे."

"किती?"

"लागेल तेवढं. माझ्या जिभेची परीक्षा घेणार असाल तर कोबीकडे जा."

तो पुटपुटत कोल्ड रूमकडे गेला, आणि आज नाटक न करता गेला.

पुढच्या तपासणीला लेक बरोबर आली, आईला घरी बसवून. सिस्टरने पट्टा बांधला, हवा भरली, सोडली. पुन्हा एकदा भरली.

"रक्तदाब खालीच आहे," सिस्टर म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी रक्ताचे आकडे बघितले. "पोटॅशियम पण ठीक आहे. गोळ्या चालू ठेवा. पंधरा दिवसांनी पुन्हा तपासू. सूज, धडधड, काहीही वाटलं तर तारखेची वाट बघू नका."

बाहेर व्हरांड्यात आल्या आल्या वस्तादाच्या छातीतून वाफ उठली. मान-कान लाल. इंजेक्शन होतं तोवर ही कुठे जाणार नव्हती. लेकीने बाकावर जागा केली, रिपोर्टाच्या कागदाने त्याला वारा घालू लागली.

"बसा, बाबा."

"बसतो," तो म्हणाला, आणि व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन परत आला.